पाडव्याची सुई आणि हौसाचा कान

माणसांची औषधं विकणं सोपं. माणूस निदान स्वतःपुरतंच खोटं बोलतो. म्हैस काहीच बोलत नाही आणि तिचा मालक तिच्या वाटणीचंही बोलून घेतो. "चार दिस झालं, कशाला तोंड लावंना," असं सांगत आणलेल्या म्हशीने आमच्या दारातल्या फुलवालीची झेंडूची अर्धी टोपली संपवलेली मी स्वतः पाहिली आहे.

कोल्हापुरात, दूध कट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर, जनावरांच्या औषधांचं आमचं दुकान आहे. आता ते माझी सून कल्याणी चालवते. परवाना तिच्या नावावर, गल्ला तिच्या ताब्यात. मी दाराशेजारच्या स्टुलावर बसते. तिथून येणारा दिसतो, जाणारा दिसतो, आणि दोघांशी बोलता येतं. कल्याणीच्या मते यातली तिसरी गोष्ट मी जरा कमी करावी.

बाहेरच्या वाचकांना कट्टा सांगायला हवा. आमच्याकडे गवळी सकाळ-संध्याकाळ म्हशी घेऊन पेठेत येतात. गिऱ्हाईक उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसाळलेला ग्लास तसाच गरम हातात येतो. तालमीतून सुटलेली पोरं, फिरायला निघालेले पेन्शनर, शाळेत निघालेली लेकरं, सगळे तिथे ओठांवर पांढऱ्या मिश्या काढून उभे असतात. इथल्या माणसाचा पिशवीतल्या दुधावर विश्वास नाही. त्याला म्हशीचं तोंड बघितल्याशिवाय दूध पचत नाही.

मी माहेरची हातकणंगल्याची. औषधशास्त्र शिकलेली घराण्यातली पहिली मुलगी, त्यामुळे लग्न होऊन दुकानात आले ती नाकाने कांदे सोलतच. कडक इस्त्रीची साडी नेसून, काउंटरवर पदवीचं प्रमाणपत्र टांगून मी बसायचे. कोडोलीचा एक म्हातारा शेतकरी आला आणि म्हणाला, "पोरी, मालकाला बोलीव." मी त्याला दुभत्या जनावरांच्या जंतनाशकावर शुद्ध तुपातल्या मराठीत पंधरा-वीस वाक्यं ऐकवली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "बरं. आता मालकाला बोलीव."

आणि खरी गंमत अशी, की मला म्हशीची भीती वाटायची. औषध म्हशीचं, गिऱ्हाईक म्हशीचं, मालकीणबाई मात्र म्हैस दिसली की रिक्षाआड. एका गवळ्याने "सूज बघाय चला" म्हणून गोठ्यात नेलं, तेव्हा मी ती सूज रिक्षात बसून बघितली आणि लांबूनच निदान केलं. निदान बरोबर निघालं, त्यामुळे मला वाटायला लागलं, की जवळ जायची गरजच नसते. पुढे एकदा पेठ वडगावच्या बाजारात बांबूच्या नळीने औषध कसं पाजतात याचं प्रात्यक्षिक द्यायला गेले, आणि म्हशीने ते सगळं औषध शिंकून माझ्या पैठणीवर परत दिलं. ती पैठणी अजून घरात आहे. पावसाळी हवेत वास मारते.

आमच्या धंद्यात दोन तऱ्हेची औषधं. एक, आजार झाल्यावरची. दुसरी, आजार होऊ नये म्हणून आधीच द्यायची. त्यांना गवळी 'अगोदरचं' म्हणतात. त्या अगोदरच्यातही जात वेगळी. लस ही शरीराला शिकवून ठेवते, की हा चोर येईल तेव्हा त्याला असा ओळखायचा. अँटिबायोटिकचं इंजेक्शन हे भाडोत्री पहिलवान. चोर घरात असेल तर त्याला बडवतो, नसेल तर दोन-चार दिवस रिकामा बसून खातो आणि निघून जातो. शिवाय जाताना थोडा दुधात उतरतो. म्हणून त्या खोक्यावर लिहिलेलं असतं, की अमुक दिवस या जनावराचं दूध वापरू नये. ते इतक्या बारीक अक्षरात, की वाचायचं तर आधी डोळ्यांचं औषध घ्यावं.

आमच्या कट्ट्यावर या भाडोत्री पहिलवानाचा सण होता. त्याचं नाव पाडव्याची सुई.

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात घुंगरं, डोक्यावर मोराची पिसं, पाठीवरचे केस भादरून काढलेली नक्षी. मालक मोटारसायकलवर बसतो, गाडी फाडफाड वाजवतो, हाक मारतो आणि पुढे सुटतो. दाव्याशिवाय, काठीशिवाय, हजार माणसांच्या गर्दीतून म्हैस त्या एका आवाजामागे धावत जाते. ज्याची म्हैस मागे राहिली तो वर्षभर कट्ट्यावर मान वर करत नाही. इतक्या गर्दीत, परक्या जनावरांत काही लागण होऊ नये म्हणून पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक धडधाकट म्हशीला अँटिबायोटिकची एक सुई टोचायची, अशी रीत पडली होती.

ती रीत पाडली आमच्या अण्णांनी. अण्णा म्हणजे सर्जेराव, कट्ट्यावरचे जुने गवळी, माझ्या यजमानांचे तालमीतले जोडीदार. त्या नात्याने मी त्यांची वहिनी आणि यजमान गेल्यावरही वहिनीच. फार वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, अण्णांची चंद्रा नावाची म्हैस घटसर्पाने गेली. संध्याकाळी गळा सुजला, सकाळपर्यंत खेळ संपला. डॉक्टरांनी येऊन सुई टोचली होती, पण म्हैस हाती लागली नाही. त्यावरून अण्णांनी एकच धडा घेतला: सुईला उशीर झाला. म्हणून त्या वर्षीपासून सुई आधी. अण्णांनी टोचली म्हणून शेजारच्याने टोचली, शेजारच्याने टोचली म्हणून सगळ्या कट्ट्याने. चिठ्ठी कागदोपत्री तेव्हाही लागायची. पण एका डॉक्टरची एक चिठ्ठी सगळ्या पेठेला पुरायची. आणि दुकानात बसलेली पदवीधर बाई खोकीच्या खोकी विकताना मनात म्हणायची, काय हे लोक जागरूक.

त्या जागरूकतेची परतफेड म्हणून मला मान होता. पाडव्याला सकाळी, म्हशी पळवायच्या आधी, अण्णांच्या सजवलेल्या म्हशीच्या धारेचा पहिला ग्लास औषधवाल्या वहिनींचा. आधी चंद्राच्या लेकीचा, अलीकडे चंद्राच्या नातीचा. ही नात म्हणजे हौसा.

आता माझ्या उटण्याची गोष्ट. दरवर्षी पाडव्याच्या संध्याकाळी माझ्या हातांवर आणि मानेवर गांधी उठायच्या. लाल लाल, खाजऱ्या, भाऊबीजेपर्यंत पुरणाऱ्या. सासूबाईंनी उटण्याला दोष दिला. मी उटणं बदललं. उटणेवालीला चारचौघांत झापलं. पुढच्या वर्षी घरी केलं. तरी गांधी. मग बेसन बंद केलं, अत्तर बंद केलं, दिव्याचं तेल बदललं. एका भाऊबीजेला भावाने दिलेली साडी लगेच नेसले आणि खाजवत खाजवत त्याच्यासमोर बोलून गेले, "कापड हलकं दिसतंय." त्या वर्षापासून भाऊ मला साडीऐवजी स्टीलचे डबे देतो. माझ्या घरात आता इतके डबे आहेत, की डब्यांत डबे ठेवावे लागतात.

बाळंतपणात मला पेनिसिलीन सोसत नाही असं कळलं होतं. माझ्या दवाखान्याच्या कागदावर ते लाल शाईने लिहिलेलं आहे. पाडव्याची सुई त्याच घराण्यातली. मी औषधशास्त्र शिकलेली. आणि मी उटणं बदलत होते.

हे माझ्या डोक्यात उजेड पडण्यासारखं कोणी सांगितलं असेल, तर कल्याणीने. अलीकडे नियम बदलले. दुभत्या जनावरांना काही अँटिबायोटिकं पूर्ण बंद, उरलेली डॉक्टरने त्या जनावराला तपासून लिहून दिली तरच, आणि धडधाकट जनावराला उगाच अगोदरची म्हणून द्यायची नाहीत. कट्ट्यावरच्या दुधाचेही नमुने घेणार, असं बोललं जात होतं. गेल्या वर्षी पितृपक्षात कल्याणी दुकानात ते सगळं मोठ्याने वाचत होती. हे नियम कशासाठी, तर सारखं औषध खाऊन जंतू त्याला दाद देईनासे होतात म्हणून. आणि ज्यांना पेनिसिलीन सोसत नाही अशा माणसांना अशा दुधाने अंगावर पित्तासारख्या गांधी उठू शकतात म्हणून. मी तेव्हा शेंगा सोलत होते. हात तसाच थांबला.

"परत वाच," मी म्हटलं.

तिने परत वाचलं. मी इतकी हसले की शेंगांचं सूप पालथं झालं. मग हसू ओसरलं. माझ्या गांधी हसण्यावारी गेल्या. पण पाडव्याच्या आगेमागे त्या कट्ट्यावर पेठेतली सगळी लेकरं ग्लास तोंडाला लावून उभी असायची. त्यांच्यातल्या कुणाचं उटणं बदलत होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

घटस्थापनेच्या सुमारास अण्णा आले. दुकानात न शिरताच म्हणाले, "वहिनी, सुया काढून ठेवा. पाडवा आला."

कल्याणीने चिठ्ठी मागितली, आणि हेही सांगून टाकलं, की निरोगी म्हशीसाठी अशी चिठ्ठी कुठलाच डॉक्टर आता लिहिणार नाही. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजे आधी आजारी पाडायची, मग सुई देणार व्हय?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला माझी उटण्याची गोष्ट कधी एकदा सांगते असं झालं होतं. मी ती तिखटमीठ लावून सांगितली. भावाची साडी, डबे, सगळं. फुलवाली हसली, पलीकडचा सायकलवाला हसला. अण्णांचा चेहरा मात्र एकेक पायरी उतरत गेला.

"वहिनी, तुमी माझ्या दुधाला नाव ठेवलासा."

"दुधाला नाही अण्णा, सुईला."

"दूध माझं हुतं, खरं सुई तुमचीच हुती की."

एवढं बोलून ते गेले.

गवळ्याला चारचौघांत "तुमच्या दुधाने मला खाज आली" म्हणणं हे सोनाराला "तुमचं सोनं काळं पडलं" म्हणण्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचा रतीब बंद झाला. कट्ट्यावरचे बाकीचे गवळीही दुकानासमोरून म्हशी हाकताना पलीकडच्या बाजूला बघायला लागले. कोडोली-वडगावची गिऱ्हाइकं येत होती, दुकान काही ओस पडलं नाही. पण माझं स्टूल ओस पडलं. कट्टाच बोलत नसेल, तर दारात बसून मी बघायचं काय? त्याहून मोठी काळजी वेगळी होती. अण्णा हट्टी. सुई मिळाली नाही म्हणून ते एकतर कुठूनतरी चोरून आणणार, किंवा हौसाला काहीच न देता गर्दीत नेणार. पहिल्यात दूध बिघडणार, दुसऱ्यात हौसा. आणि दुसरी चंद्रा झाली असती, तर ती अण्णांनी सोसली नसती.

मी डॉक्टर रुबीना मुजावरांना फोन केला. सरकारी दवाखान्यातल्या या डॉक्टर वयाने माझ्या नातीएवढ्या. स्कूटरवर लसीचा थंड डबा बांधून गोठ्यागोठ्याने फिरतात आणि म्हशीच्या पोटाखालून अशा बिनधास्त जातात, की मला माझी रिक्षा आठवते. त्या कट्ट्यावर जाऊन आल्या आणि दुकानात चहा घेताना सगळी हकिकत सांगितली.

त्यांनी अण्णांना फक्त एक प्रश्न विचारला होता. चंद्रा गेली त्या साली, पावसाच्या आधी तिला घटसर्पाची लस टोचली होती का? अण्णांनी नकारार्थी मान हलवली. नव्हती टोचली. तेव्हा लसवाले आले होते, पण लसीने दूध आटतं म्हणून अण्णांनीच त्यांना परत धाडलं होतं. म्हणजे उशीर सुईला झालाच नव्हता, राहिली होती ती लस. एवढं त्यांच्या ध्यानात आलं आणि ते एकदम म्हणाले, "मग टोचा लस. आत्ता टोचा."

"मग काम झालं की," मी म्हटलं.

"कुठलं झालं! मी म्हटलं, लस टोचली की नोंद करायला कानात बिल्ला लावावा लागतो. त्यांनी विचारलं, कुणाच्या? मी म्हटलं, हौसाच्या. तर म्हणाले, मग न्हाय."

यात अण्णांचं चुकलं असं कोल्हापूरचा माणूस म्हणणार नाही. हौसाचे कान म्हणजे तिची श्रीमंती. विड्याच्या पानासारखे, लोंबते, आतून गुलाबी. पाडव्याला लोक शिंगं बघतात, अण्णा कान दाखवतात. त्या कानाला भोक पाडून पिवळा प्लास्टिकचा बिल्ला अडकवायचा, वर त्यावर नंबर, म्हणजे नवरीच्या कपाळावर रेशनकार्डाचा शिक्का. आणि बिल्ल्याशिवाय नोंद नाही, नोंदीशिवाय लस नाही. वेळही थोडा होता. लस अंगात भिनायला दोन-तीन आठवडे लागतात. दसऱ्याच्या पुढे गेलं, की पाडव्याला तिचा उपयोग नव्हता.

"तुमच्याकडे मोडके बिल्ले असतील का हो?" मी विचारलं.

"मोडके कशाला?"

"मोडकेच हवेत. चांगल्यावर नियम चालतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखवायला ठेवलेले दोन फुटके बिल्ले आणून दिले. मी ते दोऱ्याने माझ्या कुड्यांत अडकवले, जरीची साडी नेसले आणि संध्याकाळी कट्ट्यावर निघाले. कल्याणी दुकानाच्या दारात उभी होती. तिने मला ओळख दाखवली नाही.

कट्टा भरलेला होता. पोरांनी विचारलं, आज्जी कानात काय? मी म्हटलं, सरकारी डूल. माझी नोंद झाली, आता मला कुठल्याही बाजारात न्या. एका पेन्शनरांच्या नाकातून दूध आलं. मी तशीच थेट अण्णांसमोर गेले. ते हौसाच्या धारेला बसले होते, वर बघितलं नाही. बघितलं ते हौसाने. तिने मान लांब केली, माझ्या कानाशी फुसफुस केलं आणि खरखरीत जिभेने तो बिल्ला कानासकट चाटला. तरुणपणीची मी असते, तर थेट पंचगंगेपलीकडे सापडले असते. मी जागची हलले नाही. हलायला पाय जागेवर असावे लागतात.

अण्णांच्या हातातली धार चुकली. चरवी हलायला लागली. ते मिशीखाली हसत होते.

"उतरवा त्ये वहिनी. म्हस बुजंल."

"म्हैस कुठं बुजली? बुजलाय तो मालक."

ते उठले. चरवी बाजूला ठेवली, हौसाचा कान हातात घेतला आणि अंगठ्याने कुरवाळत राहिले. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "लस टोचून बी चंद्रागत झालं तर?"

माझ्याकडे थट्टा बरीच होती, पण त्या प्रश्नाला लागेल अशी नव्हती.

"लस टोचली की काहीच होणार नाही, असं मी नाही म्हणणार, अण्णा," मी म्हटलं. "पण ती सुई इतकी वर्षं आपण म्हशीला नाही, आपल्याच भीतीला टोचत होतो. एवढं मी सांगते."

मी निघाले तेव्हा मागून आवाज आला, "दसऱ्याला सकाळी या. एकटीनं बघवायचं न्हाय ते मला."

'एकट्यानं' म्हणायचं होतं. पण हौसाजवळ उभे असले, की अण्णा तिच्याच बाजूने बोलतात.

दसऱ्याला गोठ्यात पूजा झाली, हौसाच्या कपाळाला हळदकुंकू लागलं, आणि रुबीना डॉक्टरांनी बिल्ल्याचा चिमटा काढला. अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. दुसरा कान धरायचं काम माझ्याकडे आलं. ज्या बाईने आयुष्यभर रिक्षातून सूज बघितली, तिच्या मुठीत म्हशीचा जिवंत, ऊबदार, फडफडता कान. खट्ट आवाज झाला. हौसाने एकदा मान झटकली, पाठोपाठ लसही टोचून घेतली आणि वैरणीत तोंड घातलं. "झालं?" भिंतीकडूनच अण्णांनी विचारलं. डोळे पुसत होते. गोठ्यात धूळ फार, असं म्हणाले. गोठा सकाळीच सारवलेला होता.

लसीने दूध दोन दिवस थोडं कमी होतं. अण्णा रोज सकाळी मला फोन करून "पेलाभर कमी", "वाटीभर कमी" असं कळवत होते, जणू ते मी आटवलं होतं. मग दूध पूर्ववत झालं आणि आमचा रतीबही गुपचूप सुरू झाला. किटली दारात दिसली, त्या दिवशी मी स्टूल पुसून घेतलं.

आणि नेमकी वसुबारसेला हौसा खाईना.

अण्णा दुकानात आले तेव्हा तोंडचं पाणी पळालेलं होतं. "वहिनी, आता तरी सुई द्या," एवढंच म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा नियमाची भीती वाटली. नियम पाठ असणं वेगळं आणि समोर असा माणूस उभा असताना तो पाळणं वेगळं. माझी नजर औषधांच्या कपाटाकडे गेली. कल्याणीने ती पाहिली आणि तोवर डॉक्टरांना फोनही लावला.

रुबीना डॉक्टर आल्या. ताप बघितला, नव्हता. गळा चाचपला, मऊ होता. पोटावर मूठ दाबली, तोंडाचा वास घेतला आणि विचारलं, हिला काय काय घातलंत? अण्णा म्हणाले, रोजचंच. मग त्यांच्या सुनेने सांगितलं. पाडव्याला अंगावर तकाकी यावी म्हणून अण्णा आठवडाभर हौसाला बाजरीचं पीठ आणि गूळ घमेल्याने चारत होते. शिवाय आदल्या दिवशी बिघडलेल्या अनारशांचा सगळा घाणा तिच्याच पोटात गेला होता.

"हिला रोग नाही," डॉक्टर म्हणाल्या, "हिला दिवाळी झालीय."

पोटाची पावडर चिठ्ठीवर लिहून दिली. ती चिठ्ठी अण्णांनी आमच्या काउंटरवर अशी ठेवली, की जणू रजिस्टर लग्नाचा दाखला. कल्याणीने चिठ्ठी बघून औषध दिलं. दुसऱ्या दिवशी हौसाने रवंथ सुरू केला.

पाडव्याला सकाळी मी कट्ट्यावर पोचले तेव्हा सगळे माझीच वाट बघत होते. उटण्याची गोष्ट एव्हाना पेठभर झाली होती. अण्णांनी धार काढली, ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. तालमीची पोरं मोबाइल सरसावून उभी. मी मोठा घोट घेतला, ओठांवर मिशी काढली आणि ग्लास रिकामा केला. दूध गोड होतं. इतकी वर्षं ते गोडच असणार, पण आम्ही दोघांनी मिळून त्यात काय घातलं होतं, हे त्या दिवशी नीट कळलं.

मग हौसा धावली. अण्णांची जुनी गाडी फाडफाडत सुटली, गर्दी दुभंगली, आणि त्यामागे घुंगरांच्या आवाजात ते काळं, चमकतं धूड कान उडवत गेलं. अण्णांच्या सुनेने बिल्ल्याभोवती लाल-हिरव्या लोकरीचा गोंडा विणला होता. लोक शिंगं बघायचं सोडून विचारत होते, कानात ते काय घातलंय?

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. खाज? न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. न्हाय. भाऊबीजेला भाऊ डबा घेऊन आला, तेव्हा मी त्याच्यासमोर कोपरापर्यंत मोकळे, स्वच्छ हात पसरले आणि त्याला सगळं सांगितलं. तो डबा उघडून त्यात बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे कापड चांगलंच हुतं." उटणेवालीकडे मी स्वतः गेले आणि पुढच्या दिवाळीचं उटणं तेव्हाच घेऊन आले.

दिवाळी सरल्यावर कट्ट्यावरचे गवळी एकेक करून लसीची चौकशी करायला लागले. काहींना लस हवी होती, काहींना गोंडा लावायला बिल्ला. पाडव्याची सुई संपली आणि दसऱ्याची लस सुरू झाली. यात आमच्या दुकानाचा धंदा शून्य, कारण लस दवाखान्यात मिळते. कल्याणी म्हणते, नियम पाळून गिऱ्हाईक घालवणारं आमचं कोल्हापुरातलं एकमेव दुकान.

थंडी पडल्यावर एक दिवस अण्णा आले. बराच वेळ जंताच्या औषधांच्या बाटल्या बघितल्यासारखं केलं. मग म्हणाले, "वहिनी, हौसाच्या दुसऱ्या कानाला बी एक बिल्ला मिळंल काय? एकाच कानात डूल बरं दिसंना झालंय."

कल्याणीने गल्ल्यामागून, नियमाच्या आवाजात सांगितलं, "एका जनावराला एकच नंबर, अण्णा. एकच बिल्ला."

"बरोबर आहे," मी स्टुलावरून दुजोरा दिला. "नियम म्हणजे नियम."

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. एकदा उजव्या कानाकडे, एकदा डाव्या.

"मग तुमच्या दोन्ही कानांत कसं हुतं?"